मागणं फार, आभार थोडे

आमच्या घराण्यात आटोपशीर प्रार्थना करणाऱ्याला कुणी फारसा मान देत नाही. माझे वडील डोळे मिटून उभे राहिले की आई हळूच कढीचं पातेलं उतरवून ठेवायची. तिला ठाऊक असायचं की जगातले सगळे अनाथ, विधवा, प्रवासी आणि राज्यकर्ते भेटून झाल्याशिवाय बाबा काही ‘आमेन’पर्यंत पोचत नाहीत. माझा थोरला भाऊ शांतवन अगदी त्यांच्यावर गेला. संगमनेरच्या एसटी डेपोत त्यानं चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि बंद केली, दर रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवली, आणि रोज संध्याकाळी सात वाजता घरी प्रार्थना केली. सुरुवात ‘हे परमदयाळू, प्रेमळ स्वर्गीय बापा’ अशी, शेवट ‘मागणं फार, आभार थोडे, प्रभू येशूच्या नावानं’ असा, आणि मधला मजकूर इतका ठरलेला की आम्ही लहानपणी तो त्याच्या आधी पुटपुटून दाखवायचो आणि धपाटे खायचो.

मी एस्तेर साळवे, नगरच्या मिशन शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. सरकारी कागदावर गावाचं नाव काही का असेना, आम्ही अजून नगरच म्हणतो. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी जेमिमा पुण्याला असते. मी घरात एकटी, आणि एकटीला रोजची भक्ती कशी टिकवावी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण हाकेच्या अंतरावर देऊळ होतं. मग धूळताप आला.

धूळतापाची बुरशी आपल्या पायाखालच्या मातीत पूर्वीपासूनच होती. श्वासातून ती माणसाच्या अंगात शिरली तरी तग धरत नसे, कारण आपलं रक्त तिला फार गरम पडायचं. अंगाची ऊब हीच आपली तटबंदी. पण उन्हाळे वर्षागणिक तापत गेले, जमीन तापली, आणि ज्या बुरशीला ही ऊब सोसली तेवढीच मागे उरली. हळूहळू माणसाचं फुफ्फुसही तिला परकं वाटेनासं झालं. तरुणांना ती खोकला देऊन सोडायची, साठीच्या पुढच्यांना सोडायची नाही. म्हणून माघात वारा सुटला की पावसाळ्यापर्यंत साठीवरच्या सगळ्यांनी घरातच राहायचं, खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावायच्या आणि हवा गाळणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचं, असा नियम झाला. त्याला लोक ‘बंदकाळ’ म्हणू लागले. देऊळ बंद, लग्नं बंद. माती खणणं तर सगळ्यांत धोक्याचं, म्हणून दफनाला घरच्यांना मज्जाव. पांढऱ्या पोशाखातली पालिकेची माणसं सगळं उरकायची.

पाळकसाहेब दर शनिवारी उपासनेचा क्रम फोनवर पाठवायचे. पहिल्या रविवारी मी तो एकटीनं वाचला. आमच्या उपासनेत चालक एक ओळ म्हणतो आणि मंडळी पुढची ओळ म्हणते. मी चालकाची ओळ म्हटली आणि थांबले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक झाली. मग मंडळीची ओळही मीच म्हटली. असं चार वेळा झाल्यावर मला रडू आलं आणि मी पुस्तक मिटून भाजी निवडायला बसले.

त्या संध्याकाळी मी दादाला आणि जेमीला सांगितलं, की रोज सात वाजता तीन घरांनी मिळून भक्ती करायची. फोनवर. पाळीपाळीनं एक एक वचन वाचायचं, एक गीत, प्रत्येकाची प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचनापर्यंत ठीक चाललं. गाण्याला घोडं अडलं.

कारण साधं आहे. आवाज नगरहून संगमनेरला जायचा म्हणजे आधी त्याचे आकडे होतात, ते आकडे कुठल्या तरी लांबच्या यंत्रांतून फिरून जातात आणि पलीकडे त्यांचा पुन्हा आवाज होतो. याला अर्धा सेकंद लागतो. बोलताना अर्धा सेकंद कुणाला जाणवत नाही. गाताना तो जीव खातो. मला दादा मागे पडलेला ऐकू येतो, म्हणून मी थांबते. माझं थांबणं त्याला अर्ध्या सेकंदानं कळतं, म्हणून तो आणखी थांबतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं चिखलात रुतलेल्या गाडीसारखं जागच्या जागी बसतं. मार्थावहिनी, म्हणजे दादाची बायको, तर हसून हसून बेजार व्हायची. “अहो, हे भजन आहे का रस्सीखेच?” असं ती मागून ओरडायची.

जेमी आवाजाच्या यंत्रांच्या कंपनीत काम करते. तिनं दोन्ही घरी एक एक डबी पाठवली आणि स्वतःकडेही एक ठेवली. डबीचं नाव ‘सहस्वर’. दिसायला पोळ्यांच्या डब्याएवढी, वर एक हिरवा दिवा आणि एक बटण.

“आई, ही वाट बघत नाही,” जेमीनं समजावलं. “दोन-तीन आठवडे ती मामाचा आवाज ऐकेल. तो श्वास कुठे घेतो, कुठल्या अक्षरावर रेंगाळतो, वरच्या सुराला कसा कचरतो, सगळं. मग पुढच्या अर्ध्या सेकंदात मामा काय गाणार हे ती आधीच ओळखेल आणि त्याच्याच आवाजात तुला ऐकवेल. खरा आवाज मागून पोचला की जमवून घेईल. थोडं चुकलं असलं तर पुढच्या सुरात सावरेल.”

“म्हणजे मी ऐकीन तो दादा नव्हे.”

“दादाच. फक्त अर्धा सेकंद पुढचा.”

मला ते काही पटलं नाही, पण तीन आठवड्यांनी आम्ही डबीवर पहिलं गीत म्हटलं आणि माझं सगळं वकिली डोकं गप्प झालं. दादाची पेटी, वहिनीचा बारीक किनरा आवाज, जेमीचा ठसका, आणि मी. एका सुरात, एका दमात. मला वाटलं भिंत सरकवली तर पलीकडे सगळे सतरंजीवर बसलेले दिसतील. त्या बंदकाळात मला रोज सात वाजायची जी ओढ लागली होती, ती सांगून कुणाला खरी वाटायची नाही.

फाल्गुनात दादा आणि वहिनी दोघांनाही ताप आला. दादा उठला. वहिनी आठव्या दिवशी गेली.

मला जाता आलं नाही, जेमीला जाता आलं नाही. दादा तेव्हा दवाखान्यातच होता, त्यालाही नाही. चार दिवसांनी तो घरी आला, एकटा. पाचव्या दिवशी सात वाजता मी डबी लावली ती भीत भीत. हिरवा दिवा लागला आणि दादाचा आवाज आला. वचन वाचलं. गीत म्हटलं, थोडं बसक्या आवाजात. आणि प्रार्थना केली. ‘हे परमदयाळू, प्रेमळ स्वर्गीय बापा’पासून ‘मागणं फार, आभार थोडे’पर्यंत अख्खी. फक्त वहिनीच्या नावाच्या जागी काही नव्हतं. मी डोळे पुसत ऐकलं. माझ्या मनात आलं, याला म्हणतात विश्वास! एवढा डोंगर कोसळला, पण माणूस एक दिवस चुकला नाही.

आता कबूल करते की मला त्याचा अभिमान वाटला, आणि माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मी तो मंडळीत वाटूनही टाकला. ज्या बाईचा फोन येई तिला मी सांगायचे, “शांतवनदादाकडून शिका.” त्याचा फोन मात्र फारसा लागत नसे. लागला तर “ठीक आहे गं” एवढंच. त्याला ऐकू कमी येतं, दम लागतो, म्हणून मी रेटत नसे. सात वाजता हजेरी लागते आहे ना, मग झालं. तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई मी. ‘हजर’ ऐकलं की पुढच्या नावाकडे वळायची सवय.

असे जवळजवळ चाळीस दिवस गेले. झावळ्यांचा रविवार झाला, ईस्टर झाला. ईस्टरनंतरच्या गुरुवारी जेमी भक्तीच्या आधीच म्हणाली, “आज एक आभार मानायचे आहेत. मामा, ऐकतोयस ना? आई, तू पण. मला दिवस गेलेत. तिसरा महिना संपला.”

नऊ वर्षं वाट पाहिली होती आम्ही या बातमीची. दादानं तर तिच्या लग्नानंतर दर वर्षी नवस केल्यासारखी प्रार्थना केली होती. मी ओरडले, रडले, काय काय बोलले आठवत नाही. मग वचनं झाली, गीत झालं, आणि दादाची पाळी आली. मी पदर डोळ्यांना लावूनच बसले, कारण हा माणूस देवळात उभं राहून बसचं टायर बदलल्याची साक्ष देतानाही रडतो.

“हे परमदयाळू, प्रेमळ स्वर्गीय बापा,” दादाचा आवाज आला. नवा दिवस दाखवल्याबद्दल आभार. डॉक्टरांना, परिचारिकांना बुद्धी. प्रवाशांना संरक्षण. राज्यकर्त्यांना सुमती. एस्तेर आणि जेमिमा यांना आरोग्य. मागणं फार, आभार थोडे. आमेन.

दिवा विझला. मी पदर खाली केला. त्या प्रार्थनेत बाळ नव्हतं.

आमच्याकडे हे होत नाही. कुणी प्रार्थनेत विनंती ठेवली की ती नाव घेऊन मागायची किंवा आभार मानायचे, हा शिरस्ता आहे. शेजाऱ्याच्या शेळीसाठी विनंती आली तरी दादा शेळीचं नाव विचारून घ्यायचा. मी त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मी जेमीला लावला तर ती रडत होती, आणि ते रडणं काही आनंदाचं नव्हतं.

“जेमी, दादानं तुझी बातमी ऐकली नाही का?”

“ऐकली असेल. मला माहीत नाही. आई, तू ओरडू नकोस.”

“मी ओरडत नाही.” मी ओरडत होते.

मग तिनं सांगितलं. ज्यांना दम पुरत नाही अशांसाठी डबीत एक सोय आहे. माणसानं नुसतं बटण दाबायचं, एखादा शब्द उच्चारायचा, बाकीचं डबी त्याच्या आवाजात पुरं करते. वहिनी गेल्यावर दादानं जेमीला सांगितलं होतं, ‘माझा दम परत येईपर्यंत ते लावून दे. एस्तूला सांगू नकोस, ती घाबरेल.’ तिनं लावून दिलं. दम परत आला, सोय मात्र तशीच राहिली. चाळीस दिवस माझ्या कानात दादा प्रार्थना करत नव्हता. डबी करत होती.

“पण बटण तो रोज दाबतो,” जेमी घाईघाईनं म्हणाली. “तो तिथे असतो, आई. थांब, मी नोंद बघते.” कळांचा खडखडाट झाला. मग तो थांबला. “अकरा दिवस बटण दाबलेलं नाही. त्यानं वेळ लावून ठेवली आहे. सात वाजता डबी आपली आपण सुरू होते.”

अकरा दिवस. अकरा दिवसांत एकट्या माणसाचं काय काय होऊ शकतं, ते या साथीत आम्ही सगळेच शिकलो होतो. तो खाटेवर पडलेला असेल, कदाचित दार आतून लावून पडलेला असेल, आणि त्याच्या उशाशी ती डबी रोज संध्याकाळी देवाला म्हणत असेल, नवा दिवस दाखवलास म्हणून आभार.

दादाच्या गल्लीतल्या आरोग्यसेविका नजमाताई. त्यांचा नंबर वहिनीच्या आजारपणापासून माझ्याकडे होता. मी त्यांना फोन केला. त्यांनी मुखवटा चढवून पोचायला पंचवीस मिनिटं घेतली. त्या पंचवीस मिनिटांत मी प्रार्थना करायला गुडघे टेकले आणि माझ्या तोंडून आलं, “हे परमदयाळू, प्रेमळ.” पुढचं मला म्हणवेना. मी नुसतीच गुडघ्यांवर बसून राहिले आणि म्हणत राहिले, “असू दे रे. असू दे रे.”

फोन वाजला.

“बाई, आहेत. आहेत हो,” नजमाताई धापा टाकत म्हणाल्या. “खिडकीतून दिसतायत. त्या डबीपुढं खुर्ची टाकून बसलेत. मी काच वाजवली तर माझ्याकडं बघितलं. लय वाळलेत, पण आहेत.”

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या मला भयंकर राग आला.

अर्ध्या तासानं त्याचाच फोन आला.

“एस्तू.”

“मेला असतास,” मी म्हटलं, “तरी तुझी प्रार्थना चालू राहिली असती, दादा. रोज सात वाजता. मी ‘आमेन’ म्हणत राहिले असते. कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“मग असं का केलंस?”

“मला बोलायला काही नव्हतं गं. ऐकायला मात्र पाहिजे होतं. तू वचन वाचतेस ना, ते आपली आई वाचायची तसं वाटतं. मी रोज त्यासाठी बसतो. पण मी गप्प बसलो असतो तर तू रोज विचारलं असतंस, दादा काय झालं, दादा बोल, दादा असं करून कसं चालेल. ते मला सोसवलं नसतं.”

मी नेमकं हेच विचारलं असतं, आणि याच क्रमानं.

मग मी जेमीवर घसरले. आई होणाऱ्या मुलीवर घसरू नये, पण घसरले. देवासमोर खोटेपणा, वडीलधाऱ्यांची फसवणूक, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, “आई, डबी मामाची प्रार्थना ओळखू शकली, कारण तो रोज तीच करायचा. तुझ्या प्रार्थनेतले शंभरातले एक्याण्णव शब्द ती तू उच्चारायच्या आधी ओळखते. माझ्याकडे आकडा आहे.”

“अशक्य!”

“उद्या सातला तू गप्प बस. मी तुझी सोय लावते. तूच ऐक.”

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावून बसले, आणि डबीतून माझाच आवाज आला. खणखणीत, मुख्याध्यापिकेचा. तरुण पिढीला सुबुद्धी दे. आळस आणि चंचलता दूर कर. मध्येच तो छोटा खोकला, जो मी मुलांचं लक्ष आहे ना हे पाहायला काढते. देवासमोरही काढते, हे मला तेव्हा कळलं. कुणीतरी तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. दोघे-तिघे जमले की प्रभू त्यांच्यामध्ये असतो, असं आम्ही पाळण्यातच शिकलो होतो. गेले चाळीस दिवस आमच्यातले नेमके किती जण जमले होते, हे त्यालाच ठाऊक.

“जेमी,” मी म्हटलं, “तिन्ही डब्यांतला अंदाज काढून टाक. जो आवाज येईल तो येऊ दे, जेव्हा येईल तेव्हा येऊ दे.”

“गाणं होणार नाही, आई.”

“न होऊ दे.”

आणि खरोखर नाही झालं. पहिल्या संध्याकाळी जेमी आणि मी असं काही गायलो की शेजारणीनं फोन करून तब्येत विचारली. दादाचा दिवा लागलेला होता, आवाज नव्हता. वचनात त्याची पाळी आली तेव्हा मी थांबले. पाच सेकंद. दहा सेकंद. वर्गात उत्तर न येणारं मूल उभं असलं की माझी जीभ वळवळायची, तशी वळवळली. “दादा,” मी म्हटलं, “एवढं एकच वचन. छोटंसं आहे. मी सुरुवात करून देऊ का?”

त्याचा दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी तो लागलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नजमाताई काचेतून पाहून येत होत्या, डबा पोचवत होत्या. तो निम्मा परत येत होता. जेमी म्हणाली, “आई, जुनं परत लावू का? निदान तो ऐकायला तरी बसेल.” मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. तो एकमताचा सूर, ती बसकी प्रार्थना. डोळे मिटले की सगळं जागच्या जागी. मी रात्रीचं जेवण न जेवता विचार केला, आणि मग दादाला दोन ओळींचा निरोप पाठवला. ‘तू ये. मी काही विचारणार नाही.’ आयुष्यात इतका छोटा निरोप मी कुणालाही पाठवलेला नाही.

चौथ्या दिवशी सात वाजून चार मिनिटांनी त्याचा दिवा लागला. मी काही विचारलं नाही. वचन वाचलं, जेमीनं वाचलं, त्याची पाळी आली. मी गप्प बसले. आता डबीतून खरा आवाज येत होता, म्हणजे त्याच्या खोलीतला. हवा गाळणाऱ्या यंत्राची घरघर, खुर्चीची करकर, त्याचा श्वास. चाळीस दिवसांत मी त्याचा श्वास ऐकला नव्हता. डबी तो स्वच्छ पुसून टाकायची. मी त्या श्वासाला मिनिटभर जागा दिली आणि मग पुढचं वचन वाचलं. प्रार्थनेत त्याची पाळी आली तेव्हाही तसंच. एक मिनिट, दोन मिनिटं, तो नुसता बसलेला, आणि आम्ही दोघी त्याच्याबरोबर बसलेल्या. शेवटी प्रभूची प्रार्थना जेमीनं आणि मी म्हटली, मागेपुढे, ठेचकाळत.

असे सोळा दिवस गेले. मी कुणाला ‘शांतवनदादाकडून शिका’ म्हणायचं बंद केलं. माझी स्वतःची प्रार्थना तर अगदी रडतखडत चालली होती. तरुण पिढीशी येऊन थांबायची आणि मला वाटायचं, हे तर डबीलाही येतं. मग मला खरंच काय म्हणायचं आहे ते मी शोधायचे. एकदा सापडलं ते असं, की जेमीच्या बाळंतपणाला मी असेन की नाही याची मला भीती वाटते. एवढंच म्हणून मी ‘आमेन’ म्हटलं. सव्वा मिनिटात. बाबांनी असल्या प्रार्थनेला प्रार्थना म्हटलं नसतं.

सतराव्या दिवशी प्रार्थनेत दादाची पाळी आली आणि मी नेहमीसारखी गप्प बसले. खुर्ची करकरली.

“देवा,” दादा म्हणाला.

परमदयाळू नाही, प्रेमळ नाही.

“देवा, मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. पण ही माणसं रोज माझ्यासाठी थांबतात, म्हणून बोलतो.” त्यानं घसा साफ केला. “आठ दिवस तुझ्याकडे तिचं आयुष्य मागितलं. तू दिलं नाहीस. ते एक वेळ सोडतो. माणसं मरतात, मला ठाऊक आहे. पण मला तिला मूठभर माती देऊ दिली नाहीस. एकेचाळीस वर्षांचा संसार माझा. पालिकेच्या पोरांनी यंत्रानं लोटली माती. त्यांची चूक नाही. त्यांना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं, कागदावर बघून विचारत होते. मी दवाखान्यात फोनवर बघितलं सगळं. तिच्या पायापाशी एक कोपरा राहिला होता, तो त्यांनी बुटानं सारला. बुटानं. हे तू बरोबर केलं नाहीस. तू देव असलास तरी बरोबर केलं नाहीस.”

मग तो रडला. चाळीस आणि वीस अशा साठ दिवसांचं सगळं रडला. मी त्याला ‘उगी’ म्हटलं नाही, देवाची इच्छा, देवाची योजना, यातलं काहीही म्हटलं नाही. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते. तो ‘आभार थोडे’ म्हणाला नाही, कुणाच्या नावानंही संपवलं नाही. नुसता थांबला.

“आमेन,” मी म्हटलं.

ते त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागला.

“आमेन म्हणालीस?”

“म्हणाले.”

“अगं, ही काय प्रार्थना होती? भांडण होतं ते.”

“त्याच्याशीच भांडलास ना?” मी म्हटलं. “मग झाली प्रार्थना.”

जेमीनं जोरात नाक ओढलं. यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. दादा विचार करत असावा, कारण तो विचार करताना दात चोखतो आणि तेही आता स्वच्छ ऐकू येत होतं.

“अजून पुष्कळ आहे,” तो म्हणाला.

“असू दे.”

“मग उरलेलं उद्या सांगतो.”